औषध गायीच्या पाठीवर, गोचीड गव्हाणीच्या फटीत

मृगाच्या सरी पडून हवेत दमटपणा आला की राहुरी, राहाता, संगमनेरकडच्या गोठ्यांतून एकच तक्रार ऐकू येते: परवाच फवारलं, तरी गोचीड आहेतच. मग दुकानातून आणखी कडक औषध येतं. पुष्कळदा दोष औषधाचा नसतो. ते पडतं गायीच्या पाठीवर आणि गोचीड बसलेला असतो गव्हाणीच्या फटीत.

आपल्याकडच्या गायी-म्हशींना मुख्यतः दोन प्रकारचे गोचीड छळतात. पहिला ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. त्याचं पिल्लू एकदा अंगावर चढलं की सुमारे तीन आठवडे त्याच जनावरावर वाढतं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. दुसरा हायलोमा, पट्टेरी पायांचा आणि चपळ. तो रक्त पितो, खाली उतरतो, भिंतीच्या भेगेत कात टाकतो आणि नव्या जनावरावर चढतो. उपाशीपोटी तो कित्येक महिने तग धरतो. गोठा चार दिवस रिकामा ठेवल्याने त्याचं काहीच बिघडत नाही.

रोगांचा हिशेबही याच राहणीवर चालतो. गोचीड ताप म्हणजे थायलेरिओसिस, तो हायलोमा पसरवतो. एका गायीच्या रक्तातून घेतलेला जंतू तो कात टाकल्यावर पुढच्या गायीला देतो. आजारातून उठलेली गाय धडधाकट दिसली तरी जंतू तिच्या रक्तात राहू शकतो. म्हणून बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधावं. ताप १०५-१०६ अंशांवर जातो, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळ्याची आतली त्वचा फिकी पडते आणि दूध आटतं. लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर बबेसिओसिसचा संशय घ्यावा. तो मायक्रोप्लसमुळे होतो आणि त्याची मादी जंतू अंड्यांतूनच पिल्लांना देते. हा रोग गोचीड वाहतो, हे अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दाखवून दिलं. तिकडचे गुराखी ते आधीपासूनच म्हणत होते, तो भाग वेगळा.

अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातली डांगी किंवा गीर गाय गोचिडांना बऱ्यापैकी पुरून उरते. होल्स्टीन, जर्सीच्या संकरित गायी मात्र लवकर आडव्या होतात, त्यांची वासरं तर अधिकच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले त्रिवेणी’त गीरचं रक्त आहे, तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

तेव्हा फवारणी जनावराची आणि गोठ्याची, एकाच दिवशी. आधी भेगा सिमेंटने लिंपाव्यात, चुना मारावा, शेण-कचरा दूर न्यावा. गव्हाण रिकामी करून मगच फवारावं. जनावराला अगोदर पाणी पाजावं, म्हणजे ते अंग चाटणार नाही. कानाच्या आत औषध जाऊ न देता कानांच्या मुळाशी, शेपटीखाली, मांड्यांच्या मधे आणि कासेभोवती औषध पोचलं पाहिजे; पाठ भिजवणं सोपं असतं, पण गोचीड तिथे कमीच असतात. औषध बाटलीवरच्या मापानेच घ्यावं. बुचाने अंदाजे टाकलेलं पातळ औषध गोचिडांना मारत नाही, त्यांना औषधाची सवय लावतं. साधारण पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी हवीच, कारण तोवर नवी पिल्लं चढलेली असतात. दुभत्या गायीला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मनाने देऊ नये. ते दुधात उतरतं.

मुक्तसंचार गोठ्यात गावरान कोंबड्या सोडण्याची रीत चांगली आहे, कोंबड्या गोचीड वेचून खातात. पण फवारणीच्या दिवशी त्या बंद ठेवाव्यात. संकरित कालवडींना गोचीड तापाची लस देता येते, गाभण गायीला मात्र देत नाहीत. पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावं.

आणखी एक सवय मोडायला हवी, गोचीड नखाने चिरडायची. २०११ मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो तापाने माणसं दगावली. तो विषाणूही हायलोमाच वाहतो. गोचीड चिमट्याने ओढून रॉकेलच्या डब्यात टाकावेत, हातात मोजे असावेत.

ताप, सुजलेली गाठ किंवा कॉफीच्या रंगाची लघवी यांतलं एक जरी दिसलं, तर १९६२ या पशुसेवा क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा.