फर्नेसला घाबरू नकोस गं

अगं, मिनेसोटातला पहिला हिवाळा, स्वतःचं पहिलं घर, आणि बेसमेंटमध्ये रात्रीबेरात्री घुरघुरणारं ते पत्र्याचं धूड. तुझ्या पोटात गोळा येणारच. आपल्याकडे घर गरम ठेवायची वेळ येतेच कुठे? तेव्हा हे ठाऊक नसण्यात तुझी काही चूक नाही. पण तू शिकशील बघ, आणि लवकर शिकशील.

आधी एक कर. थर्मोस्टॅट दोन-तीन अंशांनी वाढव, खाली जा आणि नुसतं ऐक. पहिल्यांदा एक छोटा पंखा फिरायला लागतो. जळलेला वायू बाहेर जायची वाट तो मोकळी करतो. मग इग्नायटर लालभडक होतो, गॅस सुटतो आणि भप्पकन बर्नर पेटतात. अर्ध्या-एक मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो आणि वरच्या खोल्यांत ऊब पोचते. तव्याखाली आच आणि वर पोळी, तसा मध्ये धातूचा हीट एक्स्चेंजर असतो. ज्वाळा त्याच्या आत, तुझ्या घरातली हवा त्याच्या बाहेरून. हा क्रम कानात बसला ना, की काही बिघडलं तर गाडी कुठे अडली हे तुलाच कळेल.

आता तुझं खरं काम म्हणजे फिल्टर. खरं सांगू का, फर्नेसची निम्मी दुखणी तिथेच सुरू होतात. १ इंच जाडीचा फिल्टर असेल तर पाकिटावर तीन महिने लिहिलेलं असलं तरी हिवाळ्यात तू दर महिन्याला काढून बघ. आपल्या घरात रोज फोडणी पडते, उदबत्ती लागते, पापड भाजले जातात. हे सगळं त्या जाळीतच जाऊन बसतं गं. उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसेनासं झालं की बदलून टाक. माप कडेवर छापलेलं असतं, १६ बाय २५ बाय १ असं काहीतरी. बाणाचं टोक फर्नेसकडे हवं. फिल्टर चोंदला की हवा कमी पडते, एक्स्चेंजर वाजवीपेक्षा जास्त तापतो आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो. मग पेटतंय-विझतंय, पेटतंय-विझतंय, आणि आपण कुडकुडत बसायचं. नको असलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद करून गॅस वाचवायच्या भानगडीतही पडू नकोस, त्यानेही हवाच अडते.

कधी सुरूच झालं नाही, तर फोन करण्याआधी पाच मिनिटं दे. थर्मोस्टॅट ‘हीट’वर आहे ना? त्याच्या बॅटऱ्या? ब्रेकर? फर्नेसशेजारी दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो, खोकी हलवताना तो हमखास बंद होतो. फिल्टर बदलताना काढलेलं झाकण नीट बसलं नसेल तरी मशीन चालत नाही. आणि बाहेर भिंतीतून पांढरे पाइप निघत असतील, तर त्यांची तोंडं बर्फाने बुजली नाहीत ना, ते बघ.

एवढं झालं की तुझं काम संपलं. गॅसच्या जोडण्यांना हात लावायचा नाही, सांगून ठेवते! सडक्या अंड्यासारखा वास आला तर दिवा लावू नकोस, विझवूही नकोस. मुलांना घेऊन बाहेर पड आणि फोन बाहेरूनच कर. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नसतो, रंगही नसतो, म्हणून त्याचा अलार्म हवाच. मिनेसोटात तर प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १० फुटांच्या आत तो असावा, असा कायदाच आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून तपास, आणि मागे छापलेली मुदतही वाच. तो वाजला तर खिडक्या उघडत बसू नकोस, आधी सगळे बाहेर.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टेक्निशियनला बोलव, थंडी पडल्यावर त्याची वेळ मिळत नाही. त्याने ‘एक्स्चेंजर तडकलाय, नवीनच घ्या’ म्हटलं तर फोटो माग, आणि दुसऱ्याकडूनही तपासून घे. तोवर फर्नेस बंदच ठेव. पैशांची काळजी असली तरी इथे जिवाशी खेळ नको.

आणि हो, डिसेंबरात पुण्याला निघालीस की बिल वाचवायला म्हणून फर्नेस बंद करून जाऊ नकोस. बाहेर उणे वीस असताना भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर ठेव, पाण्याचा मुख्य नळ बंद कर, आणि शेजारणीला किल्ली देऊन दोन दिवसांआड आत डोकावायला सांग. येताना तिच्यासाठी बाकरवडी आण म्हणजे झालं.