गुरुजींची वही

24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आणि धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरच्या एका निवृत्त शिक्षकाच्या घरातला टीव्ही बंद होईना. त्यांच्या पुतण्याची बायको खारकिवची. तिचे आईवडील भुयारी मेट्रोच्या स्टेशनात रात्री काढत होते. बॉम्बवर्षावामुळे हजारो खारकिवकरांनी तिथेच पथाऱ्या टाकल्या होत्या. सुनेचा फोन आला की घर गप्प होई. नुसते बघत बसणे गुरुजींना सोसेना.

शंभर पानी वही घेऊन ते बाहेर पडले. नामसप्ताहाला सढळ हाताने वर्गणी देणारे गाव मागे कसे राहील? कांद्याच्या व्यापाऱ्यांनी मोबाइलवरून गुरुजींच्या बचत खात्यात पैसे टाकले. आठवडे बाजारात मिरच्या विकणाऱ्या आजीने देशाचे नावही न विचारता कनवटीचे वीस रुपये काढून दिले. दोन दुकानांत डबे ठेवले गेले, पोरांनी ब्लँकेटे जमवली.

ब्लँकेटे गावातच अडली. ती युक्रेनला पाठवायचा खर्च त्यांच्या किमतीहून जास्त होता. ती शेवटी जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर वाटली, तीही देणाऱ्यांना विचारून.

खरी अडचण बँकेत उभी राहिली. परदेशात पैसे पाठवायला पॅन लागतो आणि ए-2 अर्ज भरावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, भेट किंवा देणगी म्हणूनसुद्धा. गुरुजींची रक्कम त्या मर्यादेच्या आसपासही नव्हती. पण अर्जावर सही करणाऱ्याला लिहून द्यावे लागते की हा पैसा माझा स्वतःचा आहे. गुरुजींचे पेन तिथे थांबले. खात्यातला पैसा गावाचा होता. चाळीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवलेल्या माणसाने खोटे लिहून कसे द्यायचे?

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट कळली. नोंदणीकृत न्यास नसलेल्या कुणालाही महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41 क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांना कळवावे लागते, हिशेब द्यावा लागतो. गणेश मंडळे याच कलमाखाली परवानगी काढतात. गावातल्या पोरांना हे ठाऊक होते. युद्धाच्या मदतीलाही तेच लागू असेल, हे कुणाच्या डोक्यात आले नव्हते.

त्यातच एका विद्यार्थ्याने व्हॉट्सअॅपवर आलेल्या निळ्या-पिवळ्या क्यूआर कोडवर पैसे भरले. नाव मदतनिधीचे, खाते भलत्याच माणसाचे. अशा वेळी 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो. त्याने चार दिवस लाजेपोटी सांगितलेच नाही.

परक्या देशाच्या युद्धासाठी मदत याआधीही जमली होती. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले. जुलैमध्ये ‘चीन दिन’ पाळून 22,000 रुपये जमले, आणि रुग्णवाहिकेसह पाच डॉक्टर रवाना झाले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. पैसा कशावर खर्च होणार आणि मदत घेऊन कोण जाणार, हे तिथे स्पष्ट होते. गुरुजींनी नेमके हेच दोन प्रश्न मागाहून विचारले.

आता कुणी सल्ला विचारायला आले, की ते आधी वाट ठरवायला सांगतात. ज्याचा पैसा त्याने आपल्याच खात्यातून पाठवावा. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती किंवा संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांचा पत्ता स्वतः टाइप करावा, आलेल्या लिंकवर बोट ठेवू नये. परदेशी संस्थेच्या पावतीवर देणगीची करसवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. आणि बिननावाचा डबा ठेवूच नये. त्या दोन डब्यांतल्या चिल्लरीचे काय करायचे, हे विचारायला त्यांना धुळ्याच्या धर्मादाय कार्यालयाची पायरी चढावी लागली.

सुनेच्या आईवडिलांना त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून, भेट म्हणून पैसे पाठवले. गावाचे पैसे वहीतल्या नावांप्रमाणे घरोघर परत केले आणि प्रत्येकाची सही घेतली. मिरचीवाल्या आजीने त्यांना लांबूनच पाहिले.

“पोचनात का पैसा, गुरजी?”

नाही पोचले, म्हणून वीसची नोट पुढे केली, तर दिलेले परत घेत नसतात म्हणून तिने हात मागे घेतला. गुरुजींनी बराच आग्रह केला. मग तिच्या नावापुढे ‘रक्कम परत घेतली नाही’ असे लिहिले, तिचा अंगठा उठवला, आणि ती नोट त्याच पानाला टाचणीने लावून ठेवली.