फौंड्रीची काळी वाळू रस्त्याला का चालत नाही?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतून फौंड्रीची काळी वाळू डंपर भरभरून बाहेर पडते आणि इकडे बांधकामाला वाळू मिळत नाही. इंजिनियरिंग कॉलेजं तर कारखान्यांच्या शेजारीच आहेत. मग दोघं मिळून ती कामाला का लावत नाहीत?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : लावता येते. अडतं कुठे, ते समजायला आधी ही वाळू काळी का होते ते पाहू.

साचा करताना सिलिका वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि थोडं पाणी कालवतात. चांगली मळलेली वाळू मुठीत दाबली की लाडवासारखी वळते आणि मोडली की कड स्वच्छ तुटते. त्यात लोखंडाचा रस ओतला की कोळशाची पूड जळून वाळू काळी पडते. ती चाळून पुन्हा पुन्हा वापरतात. पण दर फेरीला थोडी माती जळून निकामी होते, दाणे फुटून भुकटी वाढते. मग काही वाळू काढून तिथे नवी घालावीच लागते. काढलेली वाळू म्हणजे तुम्ही पाहता तो ढीग. कोअरची, म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी राखणाऱ्या गाभ्याची, वाळू वेगळी. तिच्यात रेझिन असतं. ते भट्टीत जाळून वाळू पुन्हा वापरण्याजोगी करता येते, आणि बेळगावच्या फौंड्री क्लस्टरने वाळू पुनर्वापराचा प्रकल्प उभारलाही आहे.

आता सिव्हिलची बाजू. पतियाळाच्या थापर विद्यापीठातल्या रफत सिद्दीक आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये काँक्रीटमधल्या वाळूच्या जागी 10, 20 आणि 30 टक्के फौंड्रीची वाळू घालून पाहिली. ताकद घटली नाही, उलट थोडी वाढली. मात्र याचा अर्थ कुठलीही काळी वाळू चालते, असा नाही. बारीक माती जास्त असली की ती पाणी ओढते आणि काँक्रीट कमजोर होतं. म्हणून माझं मत असं, की सुरुवात स्लॅबपासून नको. रस्त्याचा भराव, खालचा थर आणि पेव्हर ब्लॉक यांपासून व्हावी.

पण रस्त्याखालून पावसाचं पाणी मुरतं, ते शेवटी कुणाच्या तरी विहिरीत उतरतं. वाळूतून रेझिनमधलं फिनॉल किंवा जड धातू झिरपतात का, हे काँक्रीटचा क्यूब दाबून कळत नाही. तिथे रसायनवाला लागतो, आणि ओतलं काय हे सांगायला धातूवाला. पितळेच्या फौंड्रीच्या वाळूत शिसं उतरू शकतं, ती यातून बाजूलाच ठेवायला हवी. अमेरिकेत पर्यावरण संस्था, कृषी खातं आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांनी एकत्र बसून हाच हिशेब मांडला. लोखंड, पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या फौंड्रीतली सिलिका वाळू रस्त्याच्या खालच्या थराला आणि तयार मातीत वापरायला हरकत नाही, असा निष्कर्ष त्यांनी 2014 मध्ये दिला.

आपल्याकडे अडतं ते ढिगातच. साच्याची वाळू, कोअरची वाळू, भट्टीची मळी, तुटकं विटकाम, सगळं एकाच जागी पडतं. आजचा नमुना पास झाला तरी पुढच्या महिन्याची वाळू तशीच निघेल, याची खात्री नसते. रस्त्याचा ठेकेदार अशा मालावर सही कशी करणार? दुसरी अडचण वेळेची. काळ्या वाळूवर विद्यार्थ्यांचे प्रकल्प महाराष्ट्र-कर्नाटकात पुष्कळ होतात. कर्नाटकाची विज्ञान-तंत्रज्ञान परिषद 1977 पासून विद्यार्थी प्रकल्पांना पैसेही देते. पण 28 दिवसांचा क्यूब फुटला, रिपोर्ट बांधला, मुलं पास होऊन गेली की काम तिथेच थांबतं. एकाच फौंड्रीची वाळू वर्षभर, दर महिन्याला तपासणारं कुणी हवं. पावसाळ्यातली ओल आणि ऑर्डरप्रमाणे बदलणारं मिश्रण त्यातच पकडता येईल.

उद्यमबागेतच गोगटे कॉलेज आहे, मच्छ्याला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. यासाठी नवी इमारत लागत नाही. फौंड्रीने साच्याच्या आणि कोअरच्या वाळूचे दोन वेगळे ढीग ठेवायचे, कॉलेजने त्यांचा नमुना नेमाने उचलायचा आणि दोघांनी एकाच वहीत नोंद करायची. मग त्या वहीच्या भरवशावर एखाद्या ग्रामपंचायतीने रस्त्याचा तुकडा करून दोन पावसाळे पाहायला हरकत नाही.

तोवर कुणी शेतरस्त्यात भरायला ही वाळू फुकट देतो म्हणाला, तर आधी विचारा : ती लोखंडाच्या फौंड्रीची आहे का, आणि कोअरची वाळू त्यात मिसळली आहे का? नीट उत्तर मिळालं नाही, तर निदान विहिरीजवळ ती टाकू देऊ नका.