कोंबडी आपलेच अंडे का खाते?



वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यांत पुष्कळ घरांमागे एखादे खुराडे दिसते. चार-सहा गावरान कोंबड्या असतात आणि अंडी विकून घरातल्या बाईच्या हातात थोडे पैसे येतात. ते कधी वही-पेन्सिलीला, तर कधी तेल-मिठाला उपयोगी पडतात. उन्हाळ्यात मात्र कधी कधी खुराड्यात अंडे सापडतच नाही. पेंढ्यावर ओला पिवळा डाग दिसतो आणि कोंबडीच्या चोचीला बलक लागलेला असतो. ‘हिला खोड लागली’ असे म्हणून ती कोंबडी कापली जाते. काही दिवसांनी दुसरी कोंबडी तेच करू लागते! मग दोष खरोखर कोंबडीचा होता काय?

पहिले अंडे कसे फुटते?

अंड्याचे कवच मिलिमीटरच्या सुमारे एक-तृतीयांश एवढेच जाड असते. तरीही दोन सपाट फळ्यांमध्ये ठेवून हळूहळू दाबले, तर चांगले अंडे साधारण तीन किलोग्रॅम भार पेलते. घुमटासारख्या आकारामुळे भार सगळीकडे वाटला जातो. असे अखंड अंडे कोंबडीच्या दृष्टीने जणू एक गुळगुळीत दगडच. त्यात खाण्याजोगे काही आहे, हे तिला ठाऊक नसते. अंडे अपघाताने फुटले, की तिला बलकाची चव कळते. मग ती मुद्दाम चोच मारू लागते. चोचीच्या टोकाचे क्षेत्रफळ फार लहान असल्याने थोड्या बलानेही मोठा दाब निर्माण होतो. तिचे पाहून इतर कोंबड्याही शिकतात. म्हणून खरा प्रश्न असा, की पहिले अंडे फुटले का?

थोडा हिशेब

कवचात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. त्याचा रेणुभार 40 + 12 + 48 = 100. म्हणजे 100 भागांत 40 भाग कॅल्शियम. एका कवचात सुमारे 5 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरले, तर कॅल्शियम झाले 2 ग्रॅम. आता 100 ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असते जेमतेम 25 मिलिग्रॅम. म्हणजे एका कवचापुरते कॅल्शियम केवळ ज्वारीतून मिळवायचे, तर कोंबडीला आठ किलो ज्वारी खावी लागेल!

मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गोगलगायी आणि चुनखडीचे खडे टिपून ही तूट काही अंशी भरून काढते. कोंडलेल्या कोंबडीला ते जमत नाही. शिवाय कवच घडायला सुमारे वीस तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, पोट रिकामे असताना येतो. तेव्हा ती आपल्या हाडांतले कॅल्शियम वापरते. तो साठा अपुरा पडला, की कवच पातळ होते.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. कोंबडीला घाम येत नाही. पारा चाळिसावर गेला, की ती चोच उघडून धापा टाकते. त्यामुळे रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि कवचाला लागणारे कार्बोनेट कमी पडते. उष्म्याने ती खातेही कमी.

इंग्लंडमधील पक्षितज्ज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांना बहिरी ससाण्यांच्या घरट्यांत फुटलेली अंडी आढळत होती. काही ससाणे तर स्वतःचीच अंडी खात होते. 1967 साली त्यांनी जुन्या-नव्या अंड्यांची तुलना करून दाखवले, की कवचे पातळ झाली होती. त्याचे मूळ डी.डी.टी. या कीटकनाशकात निघाले. तेथेही अंडी खाणे हे रोगाचे लक्षण होते, मूळ रोग निराळाच होता.

उपाय

1. शिंपल्यांची किंवा चुनखडीची भरड वेगळ्या भांड्यात ठेवावी, विशेषतः संध्याकाळी. अंड्याची टरफले द्यायची तर भाजून अगदी बारीक कुटावीत, म्हणजे ती ओळखू येणार नाहीत.

2. सावली व गार पाणी दिवसभर असावे. धान्याबरोबर पेंडही द्यावी. प्रथिने कमी पडली तरी ही खोड लागते.

3. अंडी घालण्याची जागा अंधारी व मऊ पेंढ्याची असावी. चार-पाच कोंबड्यांना एक जागा हवी. अंडी सकाळीच, दोन-तीनदा गोळा करावीत.

4. पेटीचा तळ सात-आठ अंश उतरता करावा. 30 सेंटिमीटर लांबीला सुमारे 4 सेंटिमीटर उतार पुरतो. अंडे गडगडत फळीआड, गोणपाटावर जाऊन थांबते आणि चोच तेथे पोचत नाही.

5. पेटीत लाकडी किंवा प्लास्टरचे अंडे ठेवावे. चोच मारून काही मिळत नाही, असे कळले की कोंबडी नाद सोडू लागते.

अंड्यात मिरचीपूड भरण्याचा उपाय मात्र व्यर्थ आहे. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही. पोपट ती आवडीने खातो, ते याचमुळे. स्वेन-एरिक यॉर्ट व डेव्हिड ज्यूलियस यांनी 2002 साली याचे कारण दाखवले. मिरचीतल्या तिखट द्रव्याला प्रतिसाद देणारा आपल्या मज्जातंतूंवरचा ग्राहक कोंबडीत थोडा वेगळा असतो आणि तिखटाने तो जागा होत नाही.

करून पाहा

एक अंडे व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा. बुडबुडे येतील, ते कार्बन डाय-ऑक्साइडचे. कवच विरघळून केवळ पातळ पडदा उरेल. बोटाने हळूच दाबून पाहा. कॅल्शियम फारच कमी पडले, तर कोंबडी असेच मऊ अंडे घालते. ते पायाखाली किती वेळ टिकेल?

तेव्हा पुढच्या वेळी घरी कोणी सुरी हातात घेतली, तर आधी विचारा: ‘हिला चुनखडी दिली होती का?’