उन्हाळी, मुतखडा, किडनी : दुखणे अंगावर काढू नका

वस्तीत आरोग्य तपासणीला बसलो की आम्ही बायकांना एक प्रश्न हमखास विचारतो, "कामाच्या जागी लघवीला कुठे जाता?" आधी सगळ्या हसतात. मग उत्तर येते, "सकाळी घरून जाऊन यायचं, ते थेट संध्याकाळी. म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही." झाडूकाम असो, बांधकाम असो की ऊसतोड, उत्तर हेच. लघवीची कितीतरी दुखणी इथूनच सुरू होतात.

कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला आपल्या दोन किडन्या असतात. प्रत्येकीत सुमारे 10 लाख बारीक गाळण्या असतात. दिवसाला साधारण 180 लिटर द्रव त्या गाळतात. बहुतेक पाणी रक्तात परत जाते आणि दीड-दोन लिटर लघवीतून घाण बाहेर पडते.

उन्हाळी लागणे (जंतुसंसर्ग) : बाईचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, त्यामुळे जंतू मूत्राशयात लवकर पोचतात. पाणी कमी प्यायले, लघवी दाबून ठेवली की ते धुऊन जात नाहीत. जळजळ होते, सारखे जावेसे वाटते, ओटीपोट दुखते. थंडी वाजून ताप आला, पाठीत दुखू लागले तर संसर्ग किडनीपर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर बाईने तर साधी जळजळही अंगावर काढू नये, वेळेआधी बाळंत होण्याचा धोका असतो. बरे वाटले तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. शौचानंतर पुढून मागे धुवा.

मुतखडा : लघवी घट्ट झाली की क्षारांचे खडे बनतात. कुशीतून जांघेकडे जीवघेणी कळ येते, कधी लघवीतून रक्त जाते. 5 मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. पण लघवी अडली किंवा ताप आला तर थांबू नका.

किडनी निकामी होणे : मधुमेह आणि रक्तदाब ही याची मोठी कारणे. अंग दुखते म्हणून मनानेच रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही किडनी बिघडवतात. सुरुवातीला काहीच दुखत नाही. पायावर, चेहऱ्यावर सूज, लघवीला फेस दिसेपर्यंत बरेच नुकसान झालेले असते. म्हणून साखर किंवा बीपी असणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासावे.

लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्या. किडनी किंवा हृदयाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारून.

पण संडासच नसेल तर "पाणी प्या" कोणत्या तोंडाने सांगावे? मुंबईत 2011 साली बायकांनी मुतारीच्या हक्कासाठी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली, ती याचसाठी. बायांनो, मजुरी ठरवताना मुकादमाला, ठेकेदाराला आधी विचारा, "संडास कुठे आहे?" यात लाजण्यासारखे काही नाही.