चुंबकाचा स्क्रूड्रायव्हर चालेल का?

प्रश्न : मुलगा घरीच कॉम्प्युटर जोडणार आहे आणि त्यासाठी शंभरेक नगांचा टूल सेट मागतो आहे. त्यातल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकांना चुंबक आहे. चुंबकाने हार्ड डिस्क पुसली जाते असे ऐकले आहे. काय घ्यावे?

उत्तर : तुमची भीती खोटी नाही, जुनी आहे. फ्लॉपीवर चुंबक फिरला की माहिती खरोखरच जायची. काचेच्या नळीच्या जाड मॉनिटरजवळ तो नेला, तर पडद्यावर रंगांचे डाग उमटायचे. हार्ड डिस्कचे तसे नाही. तिची माहिती पुसायला फार जोरकस चुंबक लागतो. शिवाय तिच्याच पोटात, वाचणारा दांडा हलवण्यासाठी, निओडिमियमचे दणकट चुंबक बसवलेले असतात. त्यांच्या शेजारी राहून जी डिस्क पुसली जात नाही, तिला तुमच्या स्क्रूड्रायव्हरचे काय भय? एसएसडीत तर माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, तिथे चुंबकाचा प्रश्नच येत नाही.

उलट चुंबक हवाच, कारण तो स्क्रू टोकाला धरून ठेवतो. हातातून निसटलेला स्क्रू मदरबोर्डखाली अडकला आणि तसाच वीजप्रवाह सुरू केला, तर शॉर्ट सर्किट ठरलेले.

आता शंभर नगांविषयी. डेस्कटॉपचे जवळजवळ सगळे काम एका स्क्रूड्रायव्हरने होते : दोन नंबरचा फिलिप्स, म्हणजे दुकानदार ज्याला ‘स्टार’ म्हणतात तो. कॅबिनेट आणि एसएमपीएसचे (वीजपुरवठ्याच्या पेटीचे) स्क्रू यानेच फिरतात. एम डॉट टू एसएसडीचा स्क्रू मात्र अगदी बारीक असतो, त्यासाठी एक किंवा शून्य नंबरचा घ्या. नंबरला एवढे महत्त्व का? फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की टोक वर सरकते. त्यात टोक लहान असेल तर खाच झिजून गुळगुळीत होते आणि स्क्रू जन्माचा अडकतो. म्हणून योग्य नंबर घ्यायचा आणि खाली दाबून फिरवायचे. जोडीला एक चिमटा, टॉर्च आणि मऊ ब्रश पुरे. लॅपटॉप उघडायचे असतील तरच टॉर्क्ससारखी वेगळी टोके लागतात. नाहीतर मोठ्या संचातले नव्वद नग डबीतच म्हातारे होतात.

काळजी करायचीच असेल तर अंगावरच्या स्थिर विजेची करा. बोटाला चटका जाणवतो तेव्हा ती साधारण तीन हजार व्होल्ट असते. काही चिप मात्र काहीशे व्होल्टनेच दुखावतात, म्हणजे तुम्हाला पत्ताही लागत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत हा धोका कमी, हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत जास्त. अधूनमधून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावत राहा, किंवा मनगटी पट्टा घ्या. पट्टा विकतचाच हवा. त्याच्या तारेत एक मेगओहमचा रोध असतो, तो चुकून वीज लागली तर तुम्हाला वाचवतो. मनगटाला नुसती तार गुंडाळणे हा त्याला पर्याय नव्हे.

आणि मुलाला एक बजावून ठेवा : हातात कितीही चांगली हत्यारे असली तरी एसएमपीएसची पेटी उघडायची नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. ती बिघडली तर अख्खी बदलावी.