नेटवर्कचा विस्तार आणि आयपी पत्त्यांची निवड

आमच्या रुग्णालयाचे संगणकीकरण नोंदणी कक्षातील मोजक्या संगणकांपासून सुरू झाले. तेव्हा राउटरसोबत आलेली १९२.१६८.१.० ही पत्तामालिकाच कायम ठेवण्यात आली. तिच्यात यंत्रांना देण्याजोगे २५४ पत्ते मिळतात. ते कधी अपुरे पडतील असे कोणाच्या मनात आले नाही. पुढे प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग व अतिदक्षता विभाग जोडले गेले आणि एके दिवशी रक्ततपासणी यंत्राचे अहवाल कक्षांत पोहोचेनासे झाले. शोध घेता, ते यंत्र बंद असताना त्याचाच पत्ता मोकळा समजून एका नव्या प्रिंटरला दिला गेल्याचे आढळले. नव्या इमारतीपूर्वी पत्त्यांचा विचार मुळापासून करणे त्यामुळे भाग पडले.

खासगी नेटवर्कसाठीचे पत्ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने ठरवून दिले आहेत : १० ने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६८ लाख, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे साडेदहा लाखांच्या आसपास आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६. जाहीर इंटरनेटवर ते चालत नाहीत, म्हणून कोणीही ते परवानगीविना वापरू शकतो. अडचणही त्यातच आहे. शेजाऱ्यानेही तेच घेतलेले असतात.

मास्क २५५.२५५.२५४.० करून ५१० पत्ते मिळवावेत, अशी एक सूचना होती. खर्च नगण्य होता. परंतु एखाद्या यंत्रात जुना मास्क राहिला तर त्याला अर्धे रुग्णालय परके वाटू लागते. शिवाय मूळ दुखणे निराळेच होते. रात्री घरून व्हीपीएनद्वारे सी.टी. स्कॅन पाहू इच्छिणाऱ्या डॉक्टरांच्या घरातील राउटरही बहुधा १९२.१६८.१ याच मालिकेचा असतो. प्रतिमांच्या सर्व्हरचा पत्ता त्यांच्या संगणकाला घरातलाच वाटतो, मागणी बाहेर पडतच नाही आणि मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णासाठी मोलाची मिनिटे दूरध्वनीवर जातात. पत्ते कितीही वाढवले तरी मालिका तीच राहिल्यास हे टळत नाही.

१७२ च्या मालिकेतील १७२.१७ हा भाग डॉकर ही प्रणाली आपणहून वापरते, शिवाय १७२.३२ पासून पुढचे पत्ते खासगी नाहीत, हे घाईत विसरले जाते. १००.६४ पासूनचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट सेवा पुरवठादारांसाठी राखले गेले, त्यांना हात लावू नये.

आम्ही १० ची मालिका निवडली, पण सबंध नव्हे. उद्या दुसरे रुग्णालय जोडायचे झाल्यास त्यालाही जागा हवी. १०.०.० व १०.१.१ हे सर्वांच्या हाती येणारे आरंभ टाळून १०.८७ हा भाग घेतला. तिसरा आकडा विभाग दर्शवतो : १६ पासून प्रतिमा विभाग, ३२ पासून प्रयोगशाळा, ४८ पासून अतिदक्षता, मधले आकडे मुद्दाम रिकामे. नातेवाइकांचे वायफाय पूर्णपणे वेगळे ठेवले.

स्थलांतर एका रात्रीत करणे आम्हांस मान्य नव्हते. जुनी व नवी मालिका राउटरने जोडून विभागवार बदल केला, कारण क्ष-किरण यंत्रात सर्व्हरचा पत्ता व पोर्ट हाताने नोंदलेले असतात आणि सर्व्हरमध्ये यंत्राचे. आता जुन्या मालिकेत एकच यंत्र उरले आहे. त्याची मांडणी उत्पादकाच्या अभियंत्यानेच बदलावयाची असल्याने त्यांच्या भेटीपर्यंत ती मालिका चालू ठेवली आहे.